आरशांचा कोड शोधायला अमेरिकन कस्टम्सची क्रॉस साईट: माझा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

क्रॉस म्हणजे अमेरिकन कस्टम्सची रुलिंग, म्हणजे कुठली वस्तू कुठल्या कोडात बसते अशा प्रश्नांवर पत्राने दिलेले लेखी निर्णय, शोधायची साईट. फुकट आहे, अकाउंट काढावं लागत नाही, आणि १९८९ पासूनची लाखो पत्रं तिथे पडलेली आहेत. मी न्यू जर्सीत होम डेकोरच्या इम्पोर्टमध्ये कामाला आहे आणि आमच्याकडे आरसे भरपूर येतात, मुरादाबादच्या पितळी फ्रेमचे, सहारनपूरच्या कोरीव लाकडाचे, जोधपूरचे बोन इनलेवाले (हाडाच्या जडावकामाचे), त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त आरशांपुरताच धरा. कपडे किंवा मशिनरीवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

भारतातून माल पाठवणारे सारखं विचारतात, मॅडम कोड काय टाकू. कोड म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा, त्यावरूनच ड्युटी ठरते. पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, काचेचा आरसा म्हणजे ७००९, गाडीचा रिअर व्ह्यू असेल तर ७००९.१०, बिगर फ्रेमचा ७००९.९१ आणि फ्रेमचा ७००९.९२, इथवर कुणीही पोचतं. पण अमेरिकेत त्यापुढे अजून एक फाटा फुटतो आणि लोक तिथेच अडकतात. काचेचा प्रतिबिंब दाखवणारा भाग ९२९ चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ७.८ टक्के आणि त्याच्या वर असेल तर ६.५ टक्के, म्हणजे छोट्या आरशाला ड्युटी जास्त. हा ९२९ आकडा विचित्र वाटतो पण तो एक चौरस फूट आहे, बाकी काही नाही.

यात मोजायचं काय, तर फक्त काच, फ्रेम नाही. आमच्याकडे सूर्यकिरणांच्या डिझाईनचा एक आरसा येतो, चारी बाजूंना पितळी काड्या, भिंतीवर ८० सेंटिमीटर जागा खातो, पण मधली काच जेमतेम ३० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे कस्टम्सच्या हिशेबात हा "छोटा" आरसा आणि ७.८ टक्के. आणि फ्रेमच नसलेला गोल आरसा ३५ सेंटिमीटरचा असला की ९६२ होतात आणि तो "मोठा". पॅकिंग लिस्टवर बाहेरचं माप लिहिलेलं असतं आणि त्यावरूनच कोड टाकला जातो, म्हणून मी सप्लायरकडून काचेचं माप वेगळं मागवते, तेही काच फ्रेमच्या खाचेत किती आत गेलीय ते सोडून, जेवढी दिसते तेवढीच.

आता क्रॉसकडे. सर्चमध्ये नुसतं "मिरर" टाकलं तर ढीगभर पत्रं येतात आणि त्यात कॅमेऱ्यापासून खेळण्यापर्यंत सगळं असतं, त्यामुळे वैताग येतो. त्यापेक्षा कोड टाका, ७००९.९२ असा बिंदूसकट, आणि सोबत वस्तूचा एक शब्द, म्हणजे ट्रे किंवा लाकूड किंवा फ्लोअर, मग यादी आटोक्यात येते. तारखेप्रमाणे लावून घ्या, नवीन वर. न्यूयॉर्क ऑफिसची पत्रं आणि वॉशिंग्टनच्या हेडक्वार्टर्सची पत्रं वेगळी गाळता येतात, आणि माझ्या मते हेडक्वार्टर्सचं एक पत्र न्यूयॉर्कच्या दहा पत्रांइतकं शिकवून जातं, कारण न्यूयॉर्कचं पत्र बहुधा पानभराचं असतं: तुम्ही पाठवलेली वस्तू अशी अशी आहे, मटेरियल हे, माप हे, कोड हा, दर हा, विषय संपला. हेडक्वार्टर्सवाले मात्र आधी दोन्ही बाजू मांडतात, कुठला नियम का लावला आणि दुसरा का नाही लावला ते सगळं सविस्तर सांगतात.

आणि खरी मजा तिथेच आहे. एक उदाहरण घ्या. जमिनीवर उभा करायचा मोठा आरसा, स्टँडसकट, टेलरच्या दुकानात असतो तसा. कुणालाही वाटेल हे फर्निचर, आणि फर्निचरला अमेरिकेत बेस (मूळ) ड्युटी बहुतेक शून्य आहे, त्यामुळे मोह होतोच. पण टॅरिफच्या, म्हणजे कोड आणि दरांच्या यादीच्या, ९४ व्या म्हणजे फर्निचरच्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीच्या टिपेत स्पष्ट लिहिलंय की जमिनीवर ठेवायचे आरसे या प्रकरणात येत नाहीत, ते ७००९ मध्येच. फर्निचरच्या यादीत कितीही शोधलं तरी हे सापडणार नाही कारण ते तिथे नाहीच, वरच्या टिपेत आहे. क्रॉसवरची पत्रं वाचत गेलं की अशा टिपा आपोआप डोक्यात बसतात, हे मला कुठल्याही पेड कोर्सने दिलं नाही.

तसंच मटेरियलचं. ॲक्रिलिकचा आरसा दिसायला सेम पण तो प्लॅस्टिकच्या वस्तूत, ३९ व्या प्रकरणात. केरळचा आरन्मुळा कन्नडी तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा, त्यात काच नाहीच, म्हणून तो ८३०६. नुसती लाकडी फ्रेम आली तर ४४१४, त्यात आरसा बसवून आली की ७००९.९२. आणि आरशाला कडा लावून दोन हँडल जोडून ट्रे केला तर तो आता आरसा राहिला नाही, तो काचेच्या टेबलवेअरसोबत ७०१३ मध्ये जातो. दिवेवाले मेकअपचे आरसे हा वेगळा विषय आहे, मी वाचलेल्या पत्रांत प्रश्न एकच असतो की माणूस ही वस्तू उजेडासाठी घेतो की तोंड बघायला, आणि त्यावरून निर्णय होतो. म्हणून तुमच्या वस्तूच्या जवळची दोन-तीन पत्रं वाचा, एकावर थांबू नका.

आता अर्धा स्टार का कापला. पहिलं म्हणजे बहुतेक पत्रांत फोटो नसतात. पत्रात लिहिलेलं असतं "तुम्ही पाठवलेला नमुना" आणि तो नमुना आपल्याला दिसत नाही, नुसत्या वर्णनावरून डोळ्यासमोर आणावं लागतं, कोरीव काम किती, काच किती, हे शब्दांतून नीट कळत नाही. आरशासारख्या वस्तूला हे फार नडतं. दुसरं, पत्रातला दर त्या दिवसाचा असतो आणि ते तसं पत्रातच लिहितात, त्यामुळे आजचा दर नेहमी यूएसआयटीसीच्या (टॅरिफ प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकन सरकारी आयोगाच्या) चालू टॅरिफमध्येच बघा. शिवाय माल कुठल्या देशात बनला त्यावर लागणारी जादा ड्युटी वेगळी, तिचा हिशेब जुन्या पत्रात मिळणार नाही.

आणि कृपा करून स्टेटस बघा! रद्द झालेली किंवा बदललेली पत्रंही साईटवर राहतात, तशी खूण असते, पण घाईत पीडीएफ पुढे पाठवणारे ती बघत नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं पत्र तुम्हाला बंधनकारक संरक्षण देत नाही, हेही लक्षात ठेवा, त्यावर फक्त ज्याने अर्ज केला तोच विसंबू शकतो.

म्हणून माल नेहमीचा असेल, दरवर्षी कंटेनर येणार असतील, तर स्वतःचं रुलिंग मागा. ऑनलाईन फॉर्म आहे, फी नाही, एका अर्जात एकाच प्रकारच्या पाच वस्तूंपर्यंत चालतात, आणि साधी केस असेल तर साधारण ३० दिवसांत उत्तर येतं, हेडक्वार्टर्सला गेली तर जास्त. आपल्याकडे भारतात यासाठी मुंबई आणि दिल्लीला कस्टम्सची ॲडव्हान्स रुलिंग ऑथॉरिटी आहे, तिथे अर्जाला फी आहे आणि कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे. भारतात आरसे आणणाऱ्यांनी तिकडचे आदेश जरूर वाचावेत, कारण तिथे फ्रेम आहे की नाही हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, बिगर फ्रेमच्या चिनी आरशांवर अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात माल ओतू नये म्हणूनची जादा ड्युटी) लागलेली आहे.

अर्ज करताना माझी एकच कळकळीची विनंती, काचेच्या दिसणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये लिहा, फ्रेम कशाची, काचेच्या मागे काय लावलंय, टांगायचा की उभा करायचा, आणि काच आणि फ्रेम यांचं वजन आणि किंमत वेगवेगळी द्या. समोरून, मागून आणि बाजूने असे तीन फोटो जोडा. हे नसलं तर ते परत माहिती मागवतात आणि तुमचा माल इकडे निघालेला असतो.