सोलापुरात 'पॅलिओ किट'च्या नावाखाली होणारी फसवणूक: माल कसा ओळखायचा

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत 'महिन्याभराचं पॅलिओ किट' घरपोच विकलं गेलं. पैसे आगाऊ, तेही यूपीआयवर, आणि पक्कं बिल नाही. पिशवीत दोन लिटर लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, अर्धा किलो 'खिल्लार ए-टू तूप', एक किलो बदामाचं पीठ, मधाची बाटली आणि छापील आहारतक्ता. पहिल्या महिन्यात लोकांनी कौतुकाने शेजारपाजारी सांगितलं, दुसऱ्या महिन्याचे पैसे भरले, आणि मग फोन लागेना. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत सांगणं जास्त गरजेचं आहे, कारण हाच माल उद्या दुसऱ्या नावाने दारात येईल.

खरं तर यादी वाचतानाच संशय यायला हवा. पॅलिओ म्हणजे अश्मयुगीन माणसासारखं खाण्याची पद्धत; त्यात धान्य, कडधान्य, दूध आणि साखर वर्ज्य असतात. शेंगदाणा हा सुका मेवा नव्हे, तो हरभरा-तुरीच्या कुळातला. म्हणजे ज्या आहाराचं नाव सांगून किट विकलं, त्यातच त्याचं तेल बसत नाही. तुपाबद्दल त्या पंथातही एकमत नाही. विकणाऱ्याला आहाराची जुजबी माहितीसुद्धा नव्हती, फक्त शब्द चालतो एवढं ठाऊक होतं.

तेलाचा भाव होता १९० रुपये लिटर. आता हिशोब मांडा. चांगल्या कोरड्या दाण्याला लाकडी घाण्यावर साधारण ४० टक्के तेल सुटतं. १० किलो दाण्याचं ४ किलो तेल, म्हणजे जवळपास ४.४ लिटर, कारण लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच भरतं. दाणा १३० रुपये किलो धरला तर १,३०० रुपये झाले. साडेपाच किलो पेंड निघते, तिचे अडीचशे वजा केले तरी लिटरमागे २४० रुपये पडतात. यात घाण्याची मजुरी नाही, बाटली नाही, नफा नाही. मग १९० ला मिळतं ते काय? बहुतेक वेळा रिफाइंड सोयाबीन किंवा पामतेल, त्यात वासापुरतं घाण्याचं तेल. बाटलीच्या तळाला गाळ दिसला की लोकांचा विश्वास बसतो, पण चिमूटभर पेंडीची भुकटी टाकली की गाळ तयार होतो. फ्रिजमध्ये ठेवून बघण्याच्या युक्तीवरही जाऊ नका. अस्सल शेंगदाणा तेलही थंडीत गढूळ होऊन घट्ट होतं.

यावर खात्रीचा उपाय एकच: दाणा आपण घ्यायचा आणि घाण्यावर समोर उभं राहून तेल काढून घ्यायचं. दाणा निवडून, वजन करून न्या. खवट, बुरशी लागलेला दाणा काढून टाका, त्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो. घाणा सुरू होण्याआधी आत आणि खालच्या भांड्यात आधीचं तेल नाही ना, हे पाहा. शेवटी तेल आणि पेंड दोन्ही मोजून घ्या. दहा किलोला पाच किलो तेल हातात आलं तर खूश होऊ नका, विचारा.

तुपाचं गणित याहून सरळ. गाईच्या दुधात ४ टक्के स्निग्धांश धरला तर किलोभर तुपाला २५ लिटर दूध लागतं. सांगोला-मंगळवेढ्याकडची खिल्लार मुळात ओढकामाची जात, दूध थोडकंच देते. तिचं तूप ९०० रुपये किलोने महिनोन् महिने शेकडो घरांना पुरेल, हे होणे नाही. आणि 'ए-टू' हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार आहे. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, त्यात प्रथिन नावापुरतंही उरत नाही. त्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

बदामाच्या पिठात बेसन, मका किंवा ज्वारी मिसळली असेल तर घरी पकडता येते. अर्धा चमचा पीठ अर्धी वाटी पाण्यात दोन मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळा-काळा रंग आला तर पिष्ट (स्टार्च) भरपूर आहे, म्हणजे भेसळ. गरम पाण्यात रंग उठत नाही, म्हणून गार करणं महत्त्वाचं. शेंगदाण्याचं कूट मिसळलं असेल तर मात्र ही चाचणी हमखास सांगत नाही, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्याला तेच जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा बदाम आणून घरीच दळा. मधाच्या पाण्यातल्या आणि काडेपेटीच्या चाचण्या सोडून द्या, साखरेचे पाक त्यातून सहज पार होतात.

सगळ्यात घातक होता तो आहारतक्ता. त्यात पहिल्या दिवसापासून भाकरी, भात बंद आणि 'गोळ्या हळूहळू सुटतील' असं लिहिलं होतं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक धान्य बंद केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डोस डॉक्टरांनीच बदलायचा.

स्वच्छ, कमी प्रक्रियेचं खायचं असेल तर सोलापूरकराला पॅलिओची गरजच काय? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तीही नीट बघून घ्या: दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार हवा. खरिपाची, पावसात काळवंडलेली हायब्रीड त्यात मिसळतात. भाकरी कडेला चिरली म्हणून लगेच दुकानदाराला दोष देऊ नका, पीठ जुनं असलं तरी विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. ज्वारी आणून आठवड्यापुरतीच दळून घेतली तर हा घोळ राहत नाही.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी न फोडलेलं पाकीट तसंच ठेवावं. पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून नाव, पत्ता आणि मालाचा प्रकार जुळतो का पाहावं, दुसऱ्याचा क्रमांक छापणं ही नेहमीची चाल आहे. यूपीआयची पावती आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा, उशीर झाला की खात्यातली रक्कम पुढे निघून जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे, खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगितलेलं असेल तर ग्राहकाला स्वतः शुल्क भरून माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि भेसळ निघाली तर ते शुल्क परत मिळतं.