समासातले प्रश्न : समाजकार्याचा दोन दिवसांचा अभ्यासवर्ग

‘चिकित्सक सिद्धान्त आणि प्रत्यक्ष समाजकार्य’ या विषयावर पुण्यातल्या एका संस्थेने घेतलेला दोन दिवसांचा अभ्यासवर्ग मी नुकताच केला. शुल्क साडेतीन हजार रुपये, त्यात जेवण आणि टिपणांची पुस्तिका. जेवण चांगले होते; पुस्तिकेतले मराठी मात्र इतके अवघडलेले आहे की दोन पानांनंतर मी ती मिटवून ठेवली.

पहिली सकाळ फ्रँकफर्टमध्येच, म्हणजे या सिद्धान्ताच्या जर्मन उगमातच, गेली. जग आहे तसे समजावून सांगणारा सिद्धान्त आणि ते बदलण्यासाठी त्याची चिकित्सा करणारा सिद्धान्त, असा जो फरक जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी 1937 साली मांडला, तो अर्ध्या तासात सांगून झाला असता. त्याला तीन तास लागले, आणि तेवढ्या वेळात महात्मा फुल्यांचे नाव एकदाही निघाले नाही, याचे नवल वाटले.

दुपारच्या सत्रात मात्र पैसे वसूल झाले. प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाला ऊसतोड मजूर स्त्रीची एकेक काल्पनिक केस फाइल दिली. माझ्या वाट्याला आलेली स्त्री बीड जिल्ह्यातली होती : वय तिशीच्या आत, दोन मुले, गर्भाशय काढलेले, आणि ‘कारण’ या रकान्यात एवढेच, ‘रुग्णाच्या संमतीने’. मी सवयीने समुपदेशन, गृहभेट, आरोग्यशिक्षण असे उपाय लिहिले. मग बाईंनी पेन्सिलीने समासात प्रश्न लिहायला लावले : उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोणी घेतली, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जातो तेव्हा हिची मजुरी हिच्या हातात पडते का, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड किती, फडाजवळ पाणी आणि आडोसा आहे का. समास भरत गेला तसा ‘संमती’ या शब्दाचा अर्थ पातळ होत गेला. बीडमधल्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. सुट्या फाइलीत जो केवळ वैद्यकीय निर्णय दिसतो, तो सगळ्यांचे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यावर मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीपर्यंत कसा जातो, हे तिथे डोळ्यांनी पाहता आले. तरी फाइलीतल्या त्या स्त्रीच्या कंबरदुखीवर आजच काहीतरी करावे लागेल, हे बाईंनी विसरू दिले नाही.

दुसरा दिवस त्या मानाने विस्कळीत होता. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत कार्यकर्त्याचे काम महिन्याला किती केसेस मिटल्या यावर मोजले जाते, मग हे प्रश्न त्याने अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरायचे, असे मी विचारले. ते पुढच्या वर्गात घेऊ, असे उत्तर मिळाले. पुढच्या वर्गाचे शुल्क पाच हजार आहे. मी जाणार आहे, पण या वेळी आमच्या प्रकल्प समन्वयकांना बरोबर घेऊन.