डेलचा शेअर: सर्व्हर धडाधड विकले जातायत, पण उरतं किती?

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. हा लॅपटॉपचा रिव्ह्यू नाहीये, कंपनीचा आहे, कारण ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं की एआयसाठी एनव्हिडियाचा (एआयच्या चिप बनवणारी कंपनी) शेअर महाग झाला, मग डेल घेऊ का.

आकडे बघितले तर कोणीही हुरळून जाईल. जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षात एकूण विक्री 95.6 अब्ज डॉलर, त्यात सर्व्हर आणि नेटवर्किंग 27 अब्जाच्या वर, म्हणजे वर्षात 54 टक्के वाढ, आणि त्यातले एआय सर्व्हर जवळपास 10 अब्जाचे. पीसीवाली कंपनी म्हणून जे विश्लेषक नाक मुरडायचे तेच आता शेअरचं टार्गेट वाढवून देतायत.

पण मे 2024 चा रिझल्ट आठवा. सर्व्हरची विक्री 42 टक्के वाढली आणि शेअर एका दिवसात 18 टक्क्यांच्या आसपास आपटला!! कारण सर्व्हर-स्टोरेज विभागाचा ऑपरेटिंग नफा होता तिथेच राहिला, साधारण 73-74 कोटी डॉलर, म्हणजे माल भरपूर गेला आणि हातात काही जास्त आलं नाही. एआय सर्व्हरमध्ये सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे जीपीयू, म्हणजे एआयची गणितं करणारी चिप, तो एनव्हिडियाचा, त्यामुळे सोनं दुसऱ्याचं आणि डेलला मिळते घडणावळ, त्यातही गिऱ्हाईक एक्सएआय (मस्कची एआय कंपनी) आणि कोअरवीव्हसारखे (जीपीयू भाड्याने देणारी कंपनी) मोठे, ते घासाघीस करणारच, शेजारी सुपरमायक्रो आणि एचपीई हे सर्व्हर विकणारे स्पर्धक बसलेलेच आहेत.

खरा पैसा स्टोरेज आणि सर्व्हिसेसमध्ये. 2016 मध्ये ईएमसी ही स्टोरेज कंपनी घेतली ती त्याचसाठी, सौदा जाहीर झाला तेव्हा 67 अब्ज डॉलरचा होता. गंमत म्हणजे आयटी सर्व्हिसेससाठी 2009 मध्ये पेरो सिस्टिम्स 3.9 अब्जाला घेतली होती, ती ईएमसीच्या कर्जापायी एनटीटी डेटाला 3 अब्जाच्या आसपास विकून टाकली. म्हणून सर्व्हिसेस म्हटलं की टीसीएस-इन्फोसिससारखं काही डोळ्यासमोर आणू नका, इथे मुख्यतः सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट, रॅक (सर्व्हरची कपाटं) बसवून देणं, फायनान्सिंग असं आहे. कंटाळवाणं वाटतं पण मशीन एकदा गेलं की चार-पाच वर्षं पैसे येत राहतात, मला तरी ऑर्डरच्या हेडलाइनपेक्षा हेच आवडतं.

मायकेल डेल स्वतः मोठा हिस्सा धरून बसलेत हा प्लस पॉइंट. 2013 ला कंपनी प्रायव्हेट केली, कार्ल आयकान हे मोठे गुंतवणूकदार आडवे पडले तरी केली, 2018 ला परत बाजारात आणली, माणूस तिमाहीच्या आरड्याओरड्याला घाबरत नाही.

मी आहेत ते शेअर ठेवलेत, नवीन घेत नाहीये. रिझल्ट आला की लोक बॅकलॉग (आलेल्या पण अजून न पुरवलेल्या ऑर्डर) बघतात, मी आधी स्टोरेजची वाढ आणि सर्व्हर-स्टोरेज विभागाचं मार्जिन (विक्रीत नफ्याचा वाटा) बघतो, ते दोन्ही सलग दोन तिमाही वर गेलं की अर्धा स्टार वाढवतो 😀