एनसीपी७ घ्यावा की टीवाय१चा गॅग? दोन्ही वापरून झाल्यावर

परवा धाकट्या बॅचमधल्या दोघींनी विचारलं की एमेस्सीच्या प्रोजेक्टला शॅपरोन (आरएनएच्या घड्या नीट करायला मदत करणारं प्रोटीन) कुठला घेऊ, एचआयव्हीचा एनसीपी७ की यीस्टच्या टीवाय१चा गॅग. टीवाय१ म्हणजे यीस्टच्या डीएनएत स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसणारा तुकडा, नि गॅग हे त्याचं प्रोटीन. मी रत्नागिरीत राहून दोन्हींवर काम केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

काम दोघांचं सारखंच. मिरकरवाड्याला जाळ्याचा गुंता सोडवत बसलेली माणसं बघितली असतील ना, तसं हे आरएनएच्या घड्या सोडवतात आणि टीआरएनएचं (अमिनो ॲसिड वाहून नेणारा छोटा आरएनए) टोक प्रायमर, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, म्हणून नेमक्या जागी बसवून देतात, मग आरएनएवरून डीएनए बनवणारा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सुरू होतो. एचआयव्हीला लायसीनचा टीआरएनए लागतो नि जुळणी १८ बेसची, टीवाय१ला इनिशिएटर मेथिओनिनचा आणि ती जागा जेमतेम १० बेसची.

एनसीपी७ आटोपशीर आहे, ५५ अमिनो ॲसिडं, पेप्टाइड बनवून मागवता येतं, जिवंत व्हायरसला हात लावायला नको, आणि काहीही अडलं तरी त्यावर पेपर सापडतोच. पुढे औषधांकडे वळायचं असेल तर हाच घ्या, मी अडवणार नाही.

पण ते झिंक! दोन झिंक फिंगर (झिंकभोवती वळलेली प्रोटीनची छोटी घडी), त्यात सहा सिस्टीन नि दोन हिस्टिडीन झिंक धरून बसलेले. माझे तीन आठवडे यात गेले, ॲनीलिंग (टीआरएनए आरएनएवर जुळून बसणं) एक दिवस मस्त, दुसऱ्या दिवशी अर्धवट, मी मॅग्नेशियम बदललं, टीआरएनए नवा केला, पाणीसुद्धा बदललं, आणि शेवटी लक्षात आलं की ऑलिगो (न्यूक्लिइक ॲसिडचा छोटा तुकडा) टीई बफरमध्ये विरघळवलेला, त्यातला ईडीटीए झिंक ओढून घेतोय. बरं, झिंक गेलं की प्रोटीन पूर्ण बंद पडलं असतं तर लगेच कळलं असतं. तसं होत नाही, बाकीचे बेसिक अमिनो ॲसिड आरएनएला चिकटतातच आणि थोडंफार काम करून दाखवतात, म्हणून जेल बघून माणूस फसतो. त्यात जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला की लाईट जाते, फ्रीजर वितळतो, सिस्टीन जपणारा डीटीटी खराब होतो आणि सिस्टीन ऑक्सिडाइझ होतात.

टीवाय१च्या गॅगला झिंक फिंगरच नाही. त्याच्या शेवटच्या बेसिक भागात शॅपरोनचं काम असतं, हे २००० साली दाखवलं गेलं. माझ्या हातात तरी तो रोज सारखाच वागला. शुद्ध करताना न्यूक्लिइक ॲसिड सोबत येतं, मीठ जास्त घालून धुवावं लागतं, एवढंच. जास्त घातला की गठ्ठा होऊन जेलच्या वेलमध्ये अडकतो, पण ते एनसीपी७चंही होतं, दोघांनाही जेलआधी प्रोटीन काढून टाकायला एसडीएस आणि प्रोटिनेज के द्या.

टीवाय१ची अडचण पेशीतल्या प्रयोगात येते. ट्रान्सपोझिशन (टीवाय१ची नक्कल नव्या जागी बसणं) झालेल्या पेशीच वाढतील अशा, हिस्टिडीन नसलेल्या प्लेटवर कॉलनी मोजायच्या, पण त्याआधी यीस्ट २०-२२ अंशांवर वाढवावं लागतं, वर गेलं की ट्रान्सपोझिशन घटतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३ ला. म्हणजे बीओडी (थंड तापमान राखणारा इन्क्युबेटर) हवाच. रात्री चार तास लाईट गेली तर आकडा पडतो खरा, पण शेजारी कंट्रोल ठेवला असेल तर सगळं फुकट जात नाही, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

मधला मार्ग म्हणून कोणी टीवाय३चा (यीस्टमधलाच टीवाय१सारखा दुसरा तुकडा) एनसीपी९ सुचवेल. त्याला फिंगर एकच, पण झिंक आहेच ना.

म्हणून मी टीवाय१चा गॅगच घ्या म्हणेन. तुमच्याकडे जनरेटर असेल, कामाची घाई नसेल, तर माझं ऐकू नका. आणि एनसीपी७च घेणार असाल तर ऑलिगो टीईत नको, नुसत्या पाण्यात विरघळवा, आणि प्रोटीनचे एकेका दिवसापुरते छोटे भाग करून ठेवा.