मानवी टीएनएफ-अल्फा, १० मायक्रोग्रॅम: माल खरा, कागद अर्धवट

बडोद्यात टिश्यू कल्चर करणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण आमच्या लॅबमध्ये टीएनएफच्या (पेशींना मरायचा इशारा देणारं प्रथिन) या व्हायलवर उगाच आळ आला होता. नव्या पोरानं कॅन्सरच्या पेशींवर टीएनएफ घातलं, दुसऱ्या दिवशी पेशी मजेत. "ताई, माल डुप्लिकेट आहे!"

माल अस्सल होता. टीएनएफ पेशीला मरायला सांगतं, आणि त्याच दमात एनएफ-कप्पा-बी (जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं करून जीव वाचवणारी प्रथिनंही बनवायला लावतं. पुष्कळ पेशींत ही दुसरी बाजूच जिंकते. मी उंदराच्या एल-९२९ पेशी घेतल्या आणि जोडीला ॲक्टिनोमायसिन-डी दिलं, म्हणजे नवी प्रथिनं बनणंच बंद. एमटीटीनंतर (जिवंत पेशी जांभळ्या करणारी चाचणी) कंट्रोलच्या, म्हणजे टीएनएफ न दिलेल्या, वेल (प्लेटमधल्या खळग्या) गडद जांभळ्या, टीएनएफच्या फिक्या. पोरगं गप्प. (मानवी टीएनएफ उंदराच्या पेशीवरच्या, त्याला पकडणाऱ्या पहिल्या रिसेप्टरला चिकटतं, दुसऱ्याला नाही. उंदरावरच काम असेल तर उंदराचंच टीएनएफ मागवा.)

आता तक्रार. मायक्रोग्रॅम डब्यावर ठळक छापलेत, पण खरी किंमत ॲक्टिव्हिटीची. ईडी-५० (निम्मा परिणाम दिसायला लागणारी मात्रा) मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅम असेल, तर मिलिग्रॅममागे २ कोटी युनिट होतात. हा आकडा लॉटगणिक बदलतो, आणि नेमका तोच कागद डब्यात नव्हता. ईमेल करून मागवावा लागला. एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) आकडाही त्यातच. प्रथिन ई. कोलाय बॅक्टेरियामध्ये बनवलेलं, तेव्हा मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) काम करणाऱ्यांनी तो आधी बघावा. नाहीतर त्या पेशी एंडोटॉक्सिनच्याच नादानं स्वतःचं टीएनएफ सोडतील आणि तुम्ही श्रेय व्हायलला द्याल.

मे महिन्यातल्या उन्हात डबा आला तेव्हा आइस पॅकचं पाणी झालेलं. फ्रीझ-ड्राय पावडर त्यानं बिघडली नाही. व्हायल रिकामी दिसते, घाबरू नका. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. पातळ करताना ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला, नाहीतर एवढंसं प्रथिन प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं. लगेच ॲलिकॉट करून (छोट्या छोट्या नळ्यांत वाटून) उणे ८० अंशांत ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवायची असेल तर पैसे पाण्यात.

पाचपैकी चार. परत घेईन, पण लॉटचा कागद आधी मागवून. आणि शुक्रवारी निघेल अशी ऑर्डर देऊ नका, रविवारभर डबा कुरिअरच्या गोदामात तापत पडतो.