‘तरंगणे हा त्याचा स्वभावच आहे’ असे सांगून विकलेला अ‍ॅक्सोलॉटल

मुलीच्या हट्टापायी मागील मे महिन्यात वाशीतील एका विक्रेत्याकडून मी गुलाबी कल्ल्यांचा पांढरा अ‍ॅक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यातच राहणारा एक उभयचर प्राणी) घेतला. टाकी, फिल्टर आणि निळी-पांढरी खडी असा ‘पूर्ण सेट’ मिळून ७,५०० रुपये यूपीआयने दिले. पक्के बिल मागितले तेव्हा ‘जिवंत जनावराचे बिल होत नाही’ असे उत्तर मिळाले आणि मी ते निमूटपणे मान्य केले. नळाचे पाणी भरा, औषधाचे दोन थेंब टाका आणि आजच सोडा, असेही त्याने सांगितले.

बाराव्या दिवशी त्याची शेपटी वर आली. खाली जाण्यासाठी तो जिवाच्या आकांताने पाय मारी आणि पुन्हा बुचासारखा वर येई. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तर ‘साहेब, तरंगणे हा त्याचा स्वभावच आहे, खेळतोय तो’ असे तो म्हणाला. तीन दिवसांनी मात्र त्यानेच ६०० रुपयांची, लेबल नसलेली ‘गॅसच्या औषधाची’ बाटली मला विकली.

उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये पोटात चार खडे दिसले. अ‍ॅक्सोलॉटल तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि तळाशी बारीक खडी असेल तर तीही पोटात जाऊन आतड्यात अडकते. म्हणजे जी वस्तू त्याच्या घरासाठी म्हणून मला विकली, तिनेच त्याचा मार्ग बंद केला होता. हवा घेण्यासाठी क्षणभर वर येऊन पुन्हा तळाशी बसणे स्वाभाविक असते. पण प्रयत्न करूनही खाली जाता न येणे, अंग एका बाजूला कलणे, शेपटीचे टोक वळणे, कल्ले पुढे झुकणे आणि खाणे सुटणे ही आजाराची चिन्हे आहेत, हे मला तेव्हा प्रथम समजले.

दुसरे कारण उष्णतेचे होते. हा प्राणी मेक्सिको सिटीतील सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते आणि २४ अंशांच्या वर ताण येतो. आमच्या नेरूळच्या घरात टाकीचे पाणी ३१ अंश होते. पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे चिलरचा, उल्लेखही विक्रेत्याने केला नव्हता. शिवाय फिल्टरमध्ये विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया नष्ट करणारे उपयुक्त जिवाणू तयार होण्यास काही आठवडे लागतात, त्याआधीच प्राणी सोडल्याने पाण्यात अमोनिया साचला होता.

क्लोरीन काढलेल्या, थंड आणि उथळ पाण्याच्या वेगळ्या टबात त्याला ठेवले, खाणे बंद केले, पाणी रोज बदलले. पाचव्या दिवशी दोन खडे बाहेर पडले. नवव्या दिवशी पहाटे तो गेला. मुलगी उठण्यापूर्वी टब रिकामा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

भरपाई मागितली तेव्हा ‘खडी तुम्हीच पसंत केलीत’ असे उत्तर आले. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स (वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असून, वन्यजीव कायद्यातील १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्रजातींच्या मालकीची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, हे मला त्यानंतर कळले. बिल का दिले नव्हते, याचा उलगडा मला तेथेच झाला. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे नोंदणीची कागदपत्रे मागितली असती, तर हा व्यवहारच झाला नसता. यूपीआयची नोंद, व्हिडिओ, त्याचे संदेश आणि एक्स-रे जोडून मी ग्राहक तक्रार केली आहे; माझ्याकडूनही नोंदणी राहून गेली होती, हे तिच्यात स्पष्टपणे लिहिले आहे.