निळा धूर, हलणारा शाफ्ट आणि न बदललेला टर्बो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात टर्बो पेट्रोल इंजिनाच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंनी फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ज्या पद्धतीने माझ्याकडून सव्वा लाखाहून अधिक रक्कम उकळण्यात आली, तीत मला डोळ्यांसमोर दाखवलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. खोटा होता तो त्या गोष्टींचा लावलेला अर्थ.

गाडी दोन लीटर इंजिनाची, बरीच वापरलेली, पण निगा राखलेली. कोगनोळी टोलनाक्यावर रांगेत इंजिन काही वेळ नुसते चालू राहिले आणि त्यानंतर वेग घेतला, की मागे निळसर धुराचा लोट उठू लागला. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र धूर अजिबात दिसत नसे. त्याच सुमारास इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली फरशीवर तेलाचे थेंब पडू लागले.

निळा धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते तेल कोठून येते, याचा अंदाज धूर केव्हा येतो यावरून बांधावा लागतो. चोर्ला घाट गिअरवर उतरून पायथ्याशी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धुराचा झोत आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवती तेल अडवणाऱ्या सीलवर, जातो, कारण उतारावर थ्रॉटल मिटलेला असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, निर्माण होणारी पोकळी व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या व्हॉल्व्ह गाइडमधून तेल ओढून घेते. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा तपासाव्यात. गाडी उभी असताना इंजिन चालू राहून नंतर धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सीलइतकाच टर्बोतून तेल परत जाण्याचा मार्गही पाहिला पाहिजे. बेळगावच्या थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघून थोड्याच वेळात विरणारी पांढरी वाफ ही निव्वळ पाण्याची असते. तिला घाबरण्याचे कारण नाही.

कोल्हापूरच्या बाजूला महामार्गालगत असलेल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये मी गाडी दिली. तेथील चालकाने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात टर्बोचा हवेचा पाइप काढलेला होता, आणि कॉम्प्रेसर व्हीलच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, मधला नट चिमटीत धरून तो डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवत होता. मग पाइपच्या आतून बोट फिरवून त्याला लागलेले तेल त्याने कॅमेऱ्यासमोर धरले. “साहेब, टर्बो संपला. असंच चालवलंत तर तुकडे इंजिनात जातील,” हा त्याचा निष्कर्ष होता.

या दोन्ही गोष्टींचा खरा अर्थ प्रत्येक मालकाने समजून घ्यावा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद असताना तो थर दाबाखाली नसल्यामुळे शाफ्ट आडवा थोडा हलणे स्वाभाविकच आहे. पाहायचे असते ते व्हीलची पाती घराला घासली आहेत का, आणि शाफ्ट पुढे-मागे किती सरकतो. हा एंड प्ले अत्यल्प असावा लागतो. त्याचप्रमाणे इंजिनातील तेलाची वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर सोडणाऱ्या मार्गातून, पुन्हा इनटेककडे सोडलेली असते, त्यामुळे पाइपच्या आत तेलाचा ओशटपणा चांगल्या गाडीतही आढळतो. तेलाचे डबके साचले असेल, तर गोष्ट वेगळी.

बिलावर ‘नवीन टर्बो असेंब्ली’ असे लिहून पैसे घेण्यात आले. जुना टर्बो मागितला, तेव्हा तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला गेल्याचे सांगण्यात आले. इंजिन ऑइलचा ग्रेड बिलावर नव्हता. काही आठवडे धूर जवळजवळ थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. ते तेल नंतर निथळले, तेव्हा ५डब्ल्यू-४० ग्रेडच्या तेलाच्या मानाने ते उघडच फार जाड होते. जाड तेल घातल्याने धूर तात्पुरता कमी होतो. मात्र थंड इंजिन सुरू होताना तेच तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणजे ज्या टर्बोच्या नावाने पैसे घेतले, त्याच्याच जिवावर ते उठते.

दुसऱ्यांदा गाडी उद्यमबागेतील एका ज्येष्ठ मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी टर्बोला हातच लावला नाही. गवंडी पातळी पाहायला वापरतात तसला पारदर्शक लेव्हल पाइप घेऊन, त्यात रंगीत पाणी भरून, इंग्रजी ‘यू’च्या आकारात तो फळीला बांधला आणि त्याचे एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवले. इंजिन चालू केल्यावर निरोगी गाडीत पाणी किंचित इंजिनाच्या बाजूला ओढले गेले पाहिजे. आमच्या गाडीत ते उलट बाहेरच्या बाजूला चढू लागले. ऑइल कॅप सैल करताच तेथूनही भसकन हवा आली. ब्रीदर उघडला, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातील वायू इनटेककडे सोडणारी झडप) आणि त्याची नळी काळ्या चिकट गाळाने तुंबलेली निघाली.

दोन्ही तक्रारींचे मूळ तेथे होते. टर्बोला तेल दाबाने मिळते, पण परत जाताना ते केवळ स्वतःच्या वजनाने ऑइल पॅनमध्ये उतरते. त्यातच टर्बोत रबरी सील नसते. पिस्टन रिंगेसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात, आणि दोन्ही बाजूंच्या दाबाचे गणित जुळलेले असेल तोवरच त्या तेल अडवतात. इंजिनाच्या पोटात दाब साठला, की परतीचे तेल तुंबते आणि कड्यांमधून एक्झॉस्टमध्ये झिरपते. तोच दाब इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील मागच्या मेन सीलमधूनही तेल बाहेर ढकलत होता. म्हणून फरशीवर थेंब. मेकॅनिककाकांनी शेजारच्या टर्नरकडून मॅग्नेटिक स्टँड व डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी साधन) आणवून शाफ्टचा एंड प्लेही मोजला. तो एक दशांश मिलिमीटरच्या आत भरला. “टर्बो चांगला आहे की ओ, ह्याला काय झालंय?” असे ते म्हणाले.

तेव्हा मी तो जुना व्हिडिओ उघडला. कॉम्प्रेसर हाउसिंगवरील पट्टीचा क्रमांक त्यात एका ठिकाणी स्पष्ट वाचता येत होता, आणि गाडीवरच्या टर्बोवरही तोच क्रमांक होता. गॅरेजने नंतर ‘आतला कार्ट्रिज बदलला’, म्हणजे बाहेरचे घर तेच ठेवून शाफ्ट, चाके व बेअरिंगचा गाभा नवा घातला, असा बचाव केला. परंतु व्हीलच्या एका पात्याच्या टोकाला बारीक खाच आहे. नटावरील पिवळ्या रंगाच्या ठिपक्यापासून मोजले, तर ती व्हिडिओत ज्या पात्यावर आहे, आजही त्याच पात्यावर आहे. टर्बो बदललाच नव्हता. पुसून परत बसवला होता. पीसीव्ही, नळ्या आणि गिअरबॉक्स उतरवून मेन सील असा सगळा खरा खर्च त्या बिलाच्या चौथ्या हिश्श्याच्या आतबाहेर झाला.

सीमाभागातील आपल्या माणसांना येथे एक गोष्ट विशेष सांगायची आहे. गॅरेज महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात, म्हणून पुष्कळजण नाद सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पलीकडे खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्हिडिओसारख्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडण्यास आमच्या वकिलांनी सांगितले, आणि मूळ फाइल ज्या फोनवर आली तो फोन विकू नका, असेही बजावले. आमची तक्रार बेळगावातच दाखल झाली असून, सोबत बिल, व्हिडिओ आणि डायल गेज लावलेल्या टर्बोची छायाचित्रे दिलेली आहेत.